आईच्या पाटल्या आणि साडेतीन लाखांचा कॅमेरा

पत्र थोडक्यात: वय २४, कराड तालुक्यातलं एक गाव. बीकॉम झालंय, तीन वर्षं एका पतसंस्थेत क्लार्क आहे, पगार १६ हजार. कॉलेजात घेतलेला कॅनन १५०० डी आणि त्याच्यासोबत आलेली किट लेन्स आहे. मैत्रिणींची पाच प्री-वेडिंग शूट फुकटात करून दिली, इन्स्टावर कौतुक होतंय, सगळे म्हणतात हात चांगला आहे. आता नोकरी सोडून पूर्णवेळ फोटोग्राफर व्हायचंय. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, २४-७० झूम लेन्स आणि फ्लॅश असं साडेतीन लाखांचं कोटेशन आणलंय, आई त्यासाठी पाटल्या गहाण ठेवायला तयार आहे. वडील एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, ते म्हणतात हे मुलींचं काम नाही आणि याला पेन्शनही नाही. लग्नाचे फोटो मात्र तिला काढायचे नाहीत, "खरी फोटोग्राफी" करायचीय. प्रश्न असे: राजीनामा आत्ता देऊ का, कॅमेरा कुठला घेऊ, कोर्स करू का आणि बाबांना कसं समजावू?

उत्तर:

तुझं पत्र दोनदा वाचलं, पण त्याआधी तू जोडलेले तीन फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडून बसले होते. दोन प्री-वेडिंगचे आहेत, प्रीतिसंगमावर संध्याकाळी काढलेले, घाट लगेच ओळखला मी. चांगले आहेत, स्वच्छ आहेत, पण असे फोटो आज बरेच जण काढतात हे तुलाही माहितीय. तिसरा फोटो बघून मात्र मी चहा बाजूला ठेवला. गुऱ्हाळातला तो. काहिलीवरून वाफ वर चढतीय, मागच्या दारातून सकाळचं ऊन त्या वाफेत तिरकं शिरलंय आणि गुळव्या पाण्यात पाकाची गोळी होतीये का ते बोटांनी चाचपतोय, सगळा जीव त्या दोन बोटांत. तो क्षण तुला दिसला, तू थांबलीस आणि बरोबर वेळेला बटण दाबलंस. एवढं एक वाईट वाटलं की तू त्याच्यावर केशरी फिल्टर मारलायस, त्याने वाफेचा पांढरेपणा गेला आणि हात, पाक, भिंत सगळं एका रंगात बुडालं. ते ऊन आधीच इतकं सुंदर होतं गं.

हे सगळं आधी सांगितलं कारण पुढे मी बऱ्याच गोष्टींना "थांब" म्हणणार आहे आणि ते तुझ्या नजरेबद्दल नाहीये हे तुला पक्कं माहीत असावं.

पहिलं म्हणजे तुझं ते "खरी फोटोग्राफी" प्रकरण. मला सांग, गुऱ्हाळात तू काय केलंस? दुसऱ्याच्या कामाच्या जागेत गेलीस, तिथली माणसं तुला विसरेपर्यंत थांबलीस, जो उजेड होता त्यात भागवलंस आणि परत येणार नाही असा एक क्षण पकडलास. मग अंतरपाट धरलेला असतो तेव्हा वेगळं काय असतं? शेवटचं मंगलाष्टक होतं, तदेव लग्नं सुरू होतं, पाव मिनिटात सगळं होणार असतं, समोर पंचवीस मोबाईल वर आलेले असतात, अक्षता लेन्सवर टपटप पडतायत, डोक्यावरचं मांडवाचं कापड मरून रंगाचं आहे म्हणजे फ्लॅश वर मारला तर नवरीचा चेहरा लाल होणार, आणि अंतरपाट खाली आला की ती दोघं आधी खाली बघतात, मग एकदम वर. ते "वर बघणं" अर्धा सेकंद टिकतं. हुकलं तर कुणी पुन्हा अंतरपाट धरत नाही. एकोणीस वर्षं झाली मला हे काम करून, अजूनही त्या वेळी तळहाताला घाम येतो. तेव्हा लग्नाच्या कामाला कमी समजू नकोस. नाही आवडलं तर नाही आवडलं, तो तुझा हक्क आहे, पण न करताच ते खोटं ठरवू नकोस.

आणि लग्नं नकोच असतील तरी आपल्या भागात कामं आहेत. गूळ, मसाले, चपला, साड्या विकणाऱ्या लोकांना आता ऑनलाइन टाकायला नीट फोटो लागतात, बारशी-डोहाळजेवणं आहेत, शाळांची गॅदरिंग आहेत. डॉक्युमेंटरी टाइपचं, गुऱ्हाळासारखं काम तू आयुष्यभर करावंस अशी माझी फार इच्छा आहे, पण त्याला पैसे देणारा माणूस पहिल्या वर्षी दारात येत नाही, त्यामुळे त्याचा खर्च दुसऱ्या कामातून काढावा लागतो. मीही तसाच काढते.

आता राजीनामा. तू पत्रात असं लिहिलंयस की "नोकरी आणि फोटोग्राफी एकत्र होत नाही, एकातच जीव ओतावा लागतो." ही कल्पना कुठून येते कोण जाणे, पण जुन्या मोठ्या फोटोग्राफरांकडे बघितलं तर तसं दिसत नाही. राजा दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते, १८७४ च्या सुमारास कॅमेरा हातात घेतला आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं नोकरी सांभाळून फोटो काढले, निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले ते नंतर. आपले गौतम राजाध्यक्ष, ज्यांनी काढलेले नटनट्यांचे चेहरे आपण मासिकांच्या कव्हरवर बघत मोठे झालो, ते १९७४ ला एका जाहिरात कंपनीच्या फोटो विभागात लागले आणि पूर्णवेळ स्वतःचं काम सुरू केलं १९८७ ला. मधली तेरा वर्षं वाया गेली असं कोण म्हणेल? उलट त्याच काळात माणसाचा हात तयार होतो, ओळखी होतात, काय येतं नि काय येत नाही ते कळतं. तुला तेरा वर्षं थांब म्हणत नाहीये मी. एक सीझन थांब म्हणतेय.

सीझनचं गणित समजून घे, कारण पतसंस्थेत दर महिन्याला पगार येतो तसं इथे नसतं. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, मध्ये पौषात जरा थंड, मग माघापासून वैशाख-ज्येष्ठापर्यंत धावपळ, आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की चार महिने जवळजवळ शांतता. आत्ता आषाढच चाललाय. आज तू साडेतीन लाखांचं कर्ज घेतलंस तर पहिले चार हप्ते एकही ऑर्डर नसताना भरायचे आहेत. तू पतसंस्थेत बसतेस, हप्ता थकलेल्या माणसाचा चेहरा रोज बघतेस, तुला व्याजाचं मी काय सांगणार.

आता पैशाचं बोलू, यावर कुणी मोकळं बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. समज तुला दोन दिवसांच्या लग्नाची, हळद आणि लग्न, ४० हजारांची ऑर्डर मिळाली. ऐकायला अडीच महिन्यांचा पगार वाटतो ना? त्यातून सेकंड शूटरला, म्हणजे सोबतच्या दुसऱ्या फोटोग्राफरला, दोन दिवसांचे ८ हजार, अल्बमचं डिझाईन आणि प्रिंट ९ हजार, गाडी-पेट्रोल-जेवण ३ हजार, हार्ड डिस्क आणि कार्डं यांचे दीड हजार. आणि कॅमेऱ्याची झीज, ही तर कुणी धरतच नाही. माझ्याकडे सोनीचा ए सेव्हन थ्री आहे, त्याचं शटर कंपनीने २ लाख क्लिकपर्यंत टेस्ट केलेलं आहे. दोन दिवसांच्या लग्नात माझे ४ हजार क्लिक आरामात होतात, म्हणजे पन्नास लग्नं. बॉडी दोन लाखांची धरली तर दर लग्नाला ४ हजार रुपये कॅमेराच खातो. त्यापुढेही तो चालेल, पण हिशोब तिथपर्यंतच धरायचा. असे साडेपंचवीस हजार गेले, तुझ्या हातात राहिले साडेचौदा. आणि दिवस किती गेले? दोन शूटचे, एक बॅकअप आणि सिलेक्शनचा, चार एडिटिंगचे, दोन अल्बम बदलून देण्याचे, कारण मामांचा फोटो राहिला म्हणून फोन येतोच येतो. नऊ दिवस. म्हणजे रोजचे सोळाशेच्या आसपास. तुझ्या आत्ताच्या पगाराचा रोज सहाशे-सव्वासहाशे पडतो, तेव्हा काम मिळालं तर हे नक्कीच चांगलं आहे. पण वर्षाचा १ लाख ९२ हजार पगार भरून काढायला अशा चौदा ऑर्डरी लागतील. पहिल्या वर्षी ओळखीपाळखीतून पाच-सहा मिळाल्या तरी पुष्कळ झालं. हे आकडे तुझ्या भागातल्या दराने बदलून घे, पण वही काढ आणि एकदा स्वतःच्या हाताने मांड.

म्हणून कॅमेरा कुठला घेऊ याचं उत्तर, आत्ता कुठलाच नको. पाटल्या कपाटातच राहू देत. तुझ्याकडचा १५०० डी शिकायला पुरेसा आहे, फक्त त्याची किट लेन्स काढून ५० एमएम १.८ (जास्त उजेड आत घेणारी लेन्स) लाव, साधारण दहा-अकरा हजारांत येते, तुझ्या कॅमेऱ्यावर ती ८० एमएमच्या लेन्ससारखी वागते म्हणजे पोर्ट्रेटला एकदम छान, आणि अंधाऱ्या माजघरातसुद्धा फ्लॅशशिवाय काम होतं. त्याच्यासोबत एक बऱ्यापैकी फ्लॅश घे आणि या चार महिन्यांत फक्त फ्लॅश शिक, भिंतीवर मारून, छतावर मारून, पांढऱ्या चादरीवर मारून. गणपतीत मंडळांचे फोटो काढ, गर्दी, लायटिंग, गुलाल, हलणारी माणसं, लग्नाची सगळी परीक्षा तिथे आधीच होते. गुलालात कॅमेरा नीट झाकून मात्र ने.

मग तुळशीच्या लग्नानंतर कुणाच्यातरी मागे उभी राहा. कराड, सातारा, कोल्हापूर, जिथे पोचता येईल तिथल्या दोन-तीन चांगल्या फोटोग्राफरांकडे जा. इन्स्टावर मेसेज टाकून वाट बघत बसू नकोस, प्रत्यक्ष स्टुडिओत जा, आठ-दहा फोटो प्रिंट करून ने (गुऱ्हाळाचा फिल्टर काढून), आणि सांग की रविवारी आणि रजेच्या दिवशी असिस्टंट म्हणून येईन, लाइट धरेन, कार्डं सांभाळेन. पहिली एक-दोन लग्नं शिकायला म्हणून जा, त्यानंतर दिवसाचे पैसे ठरवूनच जा, "अनुभव मिळतोय ना" म्हणून वर्षभर फुकट राबवून घेणारेही भेटतील. तुझ्या शिल्लक रजा आत्ताच मोजून ठेव. अशी दहा-बारा लग्नं झाली की तुला फोटो काढायला आवडतं की फोटोग्राफरचं काम आवडतं हे कळेल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटो काढणं त्यातला थोडाच भाग, बाकी मग नवरीच्या काकूंना हसत हसत बाजूला करणं, चौदा तास उभं राहणं, जेवण चुकणं, रात्री दीडला घरी येऊन झोपायच्या आधी कार्डं कॉपी करणं.

ते कार्डांचं तर मला सांगितलंच पाहिजे. माझा दुसरा सीझन होता. एकच कार्ड बसणारा कॅमेरा होता, तुझ्यासारखाच. हळदीचं कार्ड रात्री कॉपी करायचं राहिलं, उद्या करू म्हटलं, आणि सकाळी ते उघडेचना. पुण्याला रिकव्हरीला पाठवलं, थोडे फोटो आले, बाकी गेले. मी मुलीच्या घरी स्वतः जाऊन सांगितलं. कुणी ओरडलं नाही. तिची आई एवढंच म्हणाली, "माझ्या आईनं आणलेली हिरवी साडी नेसली होती ती तेव्हा, त्यातला एकतरी आहे का गं?" नव्हता एकही. मी पूर्ण पैसे परत केले पण त्या बाईंना मी काय परत देणार होते? तेव्हापासून दोन कार्डं एकाच वेळी लिहिणारा कॅमेरा असल्याशिवाय मी स्वतःच्या नावावर लग्न घेत नाही आणि तीन जागी कॉपी झाल्याशिवाय झोपत नाही. म्हणून तुझ्या नावावर पहिली ऑर्डर येईल तेव्हा दोन स्लॉटची (दोन कार्डं बसणारी) बॉडी भाड्याने घे, कोल्हापूर-पुण्यात सहज मिळते, डिपॉझिट आणि आधार कार्ड मागतात. भाडं ऑर्डरच्या पैशातूनच जातं. सात-आठ ऑर्डरी भाड्याच्या कॅमेऱ्यावर झाल्या की तुला कुठला कॅमेरा पाहिजे हे मला विचारावंच लागणार नाही, आणि विकत घेताना पाटल्यांची गरजही कमी पडेल. तरी कमी पडलेच पैसे तर मुद्रा योजनेचा किशोर गट बघ, ५० हजार ते ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज असतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, त्याला एजंट नको. जीएसटीचं टेन्शन आत्ता घेऊ नकोस, सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की त्याचं बघायचं.

कोर्सबद्दल थोडक्यात. मुंबईला जेजे कला महाविद्यालय, पुण्याला एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटचे छोटे कोर्स, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाईन संस्थेचा गांधीनगरला फोटोग्राफीचा पदव्युत्तर कोर्स, जमत असेल तर सगळ्यांचा फायदा आहे, बघायला शिकवतात. पण लग्नाच्या किंवा प्रॉडक्टच्या कामाला सर्टिफिकेट कुणी मागत नाही. दोन दिवसांच्या हॉटेलमधल्या "मास्टरक्लास"ला वीस हजार देणार असशील तर त्यापेक्षा ती लेन्स आणि फ्लॅश घे.

आणखी एक, फुकट कामं आता बंद. पाच झाली, पुरे. मैत्रिणीला कमी दर लाव पण दर लाव, आणि जवळच्या माणसालासुद्धा एक पान लिहून दे: किती दिवस, किती फोटो, अल्बमची किती पानं, किती वेळा बदल, फोटो कधी मिळणार. पैसे मी असे घेते, बुकिंगला तीस टक्के, लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत पन्नास, अल्बम हातात देताना वीस, कारण एकदा पाठवणी झाली की घरातली माणसं रडत असताना बॅलन्स मागायचं धाडस होत नाही आणि नंतर फोन उचलले जात नाहीत. त्याच पानावर हेही लिही की यातले फोटो मी माझ्या कामाचा नमुना म्हणून वापरू शकते. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काम देणारा माणूस असतो. बऱ्याच फोटोग्राफरांना वाटतं मी काढला म्हणजे माझा. तसं नाहीये. आणि करारात असलं तरी नवरीला विचारल्याशिवाय तिचा फोटो इन्स्टावर टाकू नये, हे माझं मत.

आता बाबा. तुझ्या पत्रात बाबा म्हणजे आडवी आलेली भिंत असं चित्र आहे. मला ते तसे वाटले नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर रोज रात्री ड्युटी संपल्यावर तिकिटांचा आणि रोकडीचा मेळ घालून पैसे भरलेत, त्याला "पॅशन" या शब्दाने काय कळणार? त्यांना मेळ दाखव. एक वही कर, या सीझनला किती दिवस गेले, किती आले, किती खर्च झाले, सगळं तारखेवार. महिन्याला त्यांच्यासमोर ठेव, हवं तर त्यांनाच तपासायला दे. पेन्शनची भीती त्यांची खोटी नाहीये, फोटोग्राफर आजारी पडला की त्या महिन्याची कमाई शून्य. म्हणून नोकरी सोडायच्या आधी दोन गोष्टी झालेल्या असू देत, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, आणि पुढच्या सीझनच्या आठ-दहा ऑर्डरी ॲडव्हान्ससकट बुक. त्या दिवशी राजीनामा लिही, आणि मला कळव.

"मुलींचं काम नाही" याला मात्र मी गप्प बसणार नाही. होमाई व्यारावाला, जन्म १९१३ चा, जेजेत शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. पुढे दिल्लीत साडी नेसून, सायकलवर कॅमेरा घेऊन त्यांनी देशाच्या स्वातंत्र्याच्या काळातले प्रसंग टिपले, २०११ ला पद्मविभूषण मिळालं. हे बाबांना सांग, पण तेवढ्यावर सोडू नकोस, कारण त्यांची खरी काळजी रात्री बाराला वरातीतून तू घरी कशी येणार ही आहे, आणि ती रास्त आहे. मी आजही एकटी जात नाही, सोबत असिस्टंट असतोच. वरात उशिरा असेल तर राहायची स्वतंत्र खोली किंवा परतीची गाडी हे बुकिंगच्या पानावरच लिहून घेते, आणि डीजेसमोर प्यायलेली गर्दी वाढली की कॅमेरा बॅगेत, हे आधीच सांगून ठेवलेलं असतं. पहिल्या सीझनला बाबांनाच एखाद्या लग्नाला घेऊन जा की. त्यांना एकदा प्रत्यक्ष बघू देत. तुला एक फायदाही आहे जो पुरुष फोटोग्राफरला नाही, नवरीच्या खोलीत तुला कुणी दार लावत नाही. मुंडावळ्या बांधताना आईचे हात थरथरतात, करवली पिना तोंडात धरून निऱ्या लावत असते, आजी कोपऱ्यात बसून नुसती बघत असते. मला माझे सगळ्यात चांगले फोटो त्याच खोलीत मिळालेत.

जाता जाता, गुऱ्हाळाचा तो रॉ फोटो मला पाठव, फिल्टर न लावलेला. आणि दिवाळीनंतर गुऱ्हाळ परत पेटेल तेव्हा आठ बाय बाराची एक चांगली प्रिंट करून त्या गुळव्याला नेऊन दे. तो फोटोकडे बघत असेल तेव्हाचा अजून एक काढ.